चादरीचं टोक

मोठी चादर एकटीच्या हाताने घडी होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे झुकून ताण द्यायचा, मग चालत येऊन टोकाला टोक भिडवायचं. सासूबाईंच्या लाँड्रीत समोरचं टोक सुनेचं. त्यात जरा ढिलाई झाली की सासूबाईंची जीभ इस्त्रीहून आधी तापायची.

"अगं, चादर आहे ती, मेलेलं मांजर नाही लोंबायला. ताण."

सुनेने ताण दिला आणि पोटात कुणी ओलं कापड पिळावं तशी कळ उठली. कमरेतून थेट मांडीत उतरली. पण चादर सुटली नाही. तिने केव्हापासूनच एक युक्ती धरली होती. टोक मनगटाला घट्ट वेढून घ्यायचं, मग बोटांतलं बळ गेलं तरी बेहत्तर.

बोलायची सोय नव्हती. "दुखणं म्हणजे घरचं मळकं धुणं, चव्हाट्यावर वाळत घालायचं नाही," हा सासूबाईंचा कायदा. आणि त्याला शेपूट ठरलेलं: "पाळीच्या दिवसांत मी गाठोडी उचलली आहेत. काय धाड भरली मला?"

आधीच्या डॉक्टरांनी 'काही नाही' म्हणत गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं. आता नवऱ्याने नव्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती. सुनेने मनाशी गाठ मारली होती, याही 'काही नाही' म्हणाल्या तर पुन्हा कुणापुढे तोंड उघडायचं नाही. ऐन वेळी नवरा कपडे पोचवण्यात अडकला, आणि सासूबाईंनी चपला घातल्या.

"मी येते. कुणाच्या घरची सून आहे ते त्यांनाही कळू दे."

सुनेने बाही मनगटावर ओढून घेतली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. नेमकं विचारत होत्या. पाळीच्या आधीपासून दुखतं का? शौचाला बसताना? नवऱ्याजवळ असताना? प्रत्येकाचं उत्तर 'हो' होतं. पण शेजारच्या खुर्चीत सासूबाई ताठ बसलेल्या, आणि सुनेच्या तोंडून "कधीतरी", "थोडंसं" एवढंच निघत होतं.

"दहापैकी किती दुखतं?"

"तीन."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

सासूबाईंच्या नाकपुड्या फुगल्या. त्यांना उठा म्हणणारा अजून जन्मायचा होता. सुनेने डोळे मिटून घेतले.

"बसते की," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी हे बघा."

त्यांनी सुनेची बाही वर सारली. मनगटावर काळसर वळ होता, बांगडी रुतावी तसा.

"टोक बांधून घेते. मला आंधळी समजते. चादर आम्हा दोघींच्या हातात असते, डॉक्टरीणबाई. हिला कळ आली की माझ्याकडचं टोक थरथरतं. हिचं किती ते मला माहीत नाही, पण तीन नाही."

"मग रोज ओरडता कशाला?" सुनेच्या तोंडून निसटलंच.

सासूबाई दारापर्यंत गेल्या. पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, "मला वाटायचं, मी सोसलं तर ही का नाही सोसणार? पण मला मेलं कधी फारसं दुखलंच नाही. न दुखलेलं सोसल्याची फुशारकी मिरवली."

दार लागलं.

"आता सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नऊ. दहा म्हणायची भीती वाटते."

मग बांध फुटला. डॉक्टरीणबाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "गर्भाशयाला आतून अस्तर असतं. तसलंच काहीसं बाहेर, आजूबाजूला वाढतं. दर पाळीला तेही सुजतं, रक्ताळतं, कधी आतले अवयव एकमेकांना चिकटवतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. मला तोच दाट संशय आहे. सोनोग्राफी करू. तिच्यात काही दिसलं नाही तरी तुमचं दुखणं खोटं ठरत नाही."

"जाईल?"

"मुळापासून जाईल असं वचन देत नाही. आवरता येतं. गोळ्यांनी, लागलं तर दुर्बिणीच्या ऑपरेशनने."

"आणि मूल?"

"अडचण येऊ शकते. पण पुष्कळजणींना मूल होतं. ते बोलू आपण, घाई नको."

वचन मिळालं नव्हतं. तरी 'काही नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं. सून बाहेर आली तेव्हा सासूबाईंनी तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

गोळ्यांना गुण यायला वेळ लागणार होता. पुढच्या पाळीला चादर पुन्हा दोघींच्या हातात होती. कळ उठली. सुनेने टोक मनगटाला वेढलं नाही.

"आई, मी टोक खाली ठेवते."

कोपऱ्यात कपड्यांना इस्त्री करणाऱ्या कामवाल्या बाईचा हात जागीच थांबला. या लाँड्रीत अर्धी घडी आजवर कुणी सोडली नव्हती. सासूबाई आपलं टोक धरून उभ्या. ओठ घट्ट.

"ठेव," त्या म्हणाल्या. मग इस्त्रीवालीकडे वळल्या. "बघतेस काय, तमाशा आहे? ये, धर."

तिने घाबरून असा हिसका दिला की सासूबाई दोन पावलं फरफटल्या.

"ताण म्हटलं गं भवाने, मला नदीत ओढ नाही म्हटलं."

गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून गाठोड्यावर बसलेली सून हसली. हसताना कळ पुन्हा उठली. या वेळी तिने तोंड वाकडं होऊ दिलं, सगळ्यांसमोर.