वाटीभर अनुभव

माझा बायोडाटा आठवडाभर छताला चिकटून होता. त्यावर तीनच ओळी होत्या: नाव, बी.कॉम., आवड वाचन. इतका हलका कागद खाली राहत नाही. आणि पंखा पाचवर असताना टेबलावर टिकेल तोच बायोडाटा स्वीकारू, असं जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं. मुलाखत आज चार वाजता होती. ही नोकरी मला हवीच होती. "सध्या काय करतेस?" हे दोन वर्षं ऐकून माझे कान किटले होते.

आईने झाडूने कागद खाली ओढला. "अनुभव शेजारून आण वाटीभर," ती म्हणाली. "विरजण आणतेस तसा. आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही हां."

समोरचे शेडबाळे काका एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. "ने की पोरी, मला आता कशाला लागतोय?" म्हणत त्यांनी वाटी काठोकाठ भरली. घरी येऊन मी ती कागदावर ओतली, तशी ओळ उमटली: वाहतूक नियंत्रण, एकतीस वर्षे. कागद हाताला जड लागला. मी आनंदाने उडीच मारली. पाच मिनिटांत एकतीस वर्षं, तीही फुकट!

वाटीत साखर घालून परत द्यायला गेले, तर काकांनी ती माझ्याच ओंजळीत ओतली. "साखर आहे गं घरात. कागदावरचं काय तरी घाल."

मी 'आवड वाचन' नखाने खरवडून वाटीत घातलं. काका तिथेच दारात पेपर उघडून बसले. रस्त्यावरून एसटी गेली तरी त्यांनी मान वर केली नाही. मला वाचायचा कंटाळा कधीपासून आहे ते आठवेना, पण आठवत बसायला वेळ कुणाला होता?

तळमजल्यावरच्या खोत काकूंनी बारा वर्षांचा पापड-लोणच्याचा उद्योग दिला, हाताखालच्या नऊ बायकांसकट. त्यांच्या वाटीत मी बी.कॉम. घातलं. "अगं बया, पदवीधर झाले की मी!" काकू हरखून गेल्या. मग गच्चीवर पापड कुणी वाळत घातलेत, असं त्यांनी मलाच विचारलं.

आता चार पानं झाली होती. घरी टेबलावर ठेवून पंखा पाचवर केला. फक्त एक कोपरा फडफडत होता. साडेतीन वाजले होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या विशाखावहिनींनी लग्नाआधी सहा वर्षं बालवाडी चालवली होती. ती वाटीतून आणून ओतली आणि कोपरा गप्प बसला. मी घरभर नाचले. मग वाटी घेऊन वर गेले. कागदावर माझं म्हणावं असं एकच उरलं होतं.

"राहू दे गं, नसलं काही तर," वहिनी म्हणाल्या. हात मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

रिकामी वाटी कशी देणार? आमच्यात तसं करत नाहीत. मी नाव घातलं.

खालून आईने हाक मारली, "हर्षदा, पावणेचार झाले!"

"आले गं आई," वहिनी म्हणाल्या.

मला हसू आलं. तीन-तीन पायऱ्या गाळत मी खाली पळाले. पायांचा आवाज होत नव्हता.

साहेबांनी माझी पानं टेबलावर ठेवली आणि शिपायाला पंखा पाचवर करायला सांगितलं. एक पान हललं नाही. "वा! एसटी, उद्योग, बालवाडी," साहेब म्हणाले. "अशीच व्यक्ती हवी होती आम्हाला. ऑर्डर आत्ताच टाइप करतो." मिळाली! त्यांनी उमेदवारांच्या यादीवर बोट ठेवलं. "हर्षदा मगदूम कोण?"

मी तोंड उघडलं.

"मी, सर," दारातून विशाखावहिनी धापा टाकत म्हणाल्या. त्यांच्या हातात आईने भरून दिलेला डबा होता.

त्यांना जागा करून द्यायला मला उठावं लागलं नाही. माझी पाठ छताला टेकलीच होती. खाली वहिनी खुर्चीत बसल्या, पेन घेतलं, आणि टेबलाखाली राहिलेल्या माझ्या चपला पायाने चाचपून जवळ ओढल्या.