मी न लिहिलेलं पुस्तक

नातीचा एम.ए.चा लघुप्रबंध विनोदी लेखनावर होता. तिच्या विभागात एआय वापरायला परवानगी होती. अट एकच: यंत्राने दिलेला प्रत्येक संदर्भ कुणातरी माणसाने स्वतः तपासायचा आणि प्रबंधासोबतच्या अर्जावर त्यापुढे सही करायची.

"आबा, एआयने दिलेल्या यादीत तुमचंही एक पुस्तक आलंय. 'उलट्या छत्रीचे दिवस'. हे खरंच आहे ना?"

मी चष्मा लावला. या पुस्तकात लेखकाचा उपरोध शिखर गाठतो आणि वाचक हसता हसता अंतर्मुख होतो, असं स्क्रीनवर लिहिलं होतं. असं काही लिहिल्याचं मला आठवेना. पण माझ्याबद्दल इतकं बरं बोलणारा खोटं कशाला बोलेल? चाळीस वर्षं लोकांच्या फुशारकीची टिंगल करून पोट भरलेला मी माणूस.

"आहे तर!" मी म्हणालो. "सुरुवातीच्या काळातलं. आता दुर्मिळ झालंय." आणि झोकात सही ठोकली.

चार दिवसांनी नात तोंड पाडून आली. मार्गदर्शक बाईंना ते पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात सापडलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत प्रत दाखवा, नाहीतर खोटा संदर्भ दिला म्हणून प्रबंध बाद आणि वर्ष फुकट.

"तुमच्याकडे एक तरी प्रत असेलच ना, आबा?"

मी माळ्यावर चढलो. खरं सांगतो, शोधायलाच चढलो. माझी अजून खात्री होती. खाली शिडी धरून उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, तुमच्या प्रत्येक पुस्तकाची मुद्रितं मी तपासलीत. असलं काही नाहीये. उतरा आता."

"एखादं तुझ्या नजरेतून सुटलं असेल."

"काय, अख्खं पुस्तक?"

उतरलो. शुक्रवारी नातीबरोबर बाईंसमोर जाऊन बसलो. वाटेत सबबी तयार केल्या होत्या: प्रकाशक बुडाला, गोदामात पाणी शिरलं, उरलेलं वाळवीने खाल्लं. पण शेजारी नात अर्जाचा कोपरा दुमडत होती, पुन्हा सरळ करत होती. आजोबांवर विश्वास ठेवला, एवढाच तिचा गुन्हा.

"पुस्तक नाही," मी म्हणालो. "मी तपासलंच नाही. स्तुती वाचली आणि सही केली. तिची चूक नाही."

"यंत्र चुकलं, हे मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण स्वतःची पुस्तकं माणसाला ठाऊक नसतात?"

"इतकं चांगलं लिहिलं होतं हो, मला वाटलं माझंच असणार."

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. विद्यापीठातून मला मिळालेली ही पहिलीच दाद, आणि मी तर विनोद केलाच नव्हता.

"हेच लेखी द्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "शब्दशः."

मी दिलं. नातीला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. नव्या यादीत माझी तीन खरी पुस्तकं आली. प्रत्येकापुढे तिने शेरा मारला होता: 'ग्रंथालयात जाऊन पाहिले. लेखकाच्या शब्दावर विसंबलेले नाही.'

सहीसाठी तिने मला विचारलंसुद्धा नाही. पेन मात्र माझंच नेलं.