किती खाल्लं, किती भरलं

ऊन चढायच्या आत कोंबड्यांचं वजन उरकायचं, हा आबांचा शिरस्ता. एकदा पत्रे तापले की पाखरं चोची वासून धापा टाकतात, मग त्यांना हात लावणंही पाप. आबा दोन-दोन कोंबड्या पायांना धरून बादलीत सोडत होते, बादली काट्याच्या आकड्याला अडकवत होते, आणि सून वजन वाचत होती. खाद्याच्या दुकानात बिलं करायला जायच्या आधी तिच्याकडून तेवढीच मदत.

"कमी भरतायत, आबा."

"खायला राक्षस, भरायला चिमणी!" आबा करवादले. "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. आपलं काय? शेड आणि जागरण!"

दारात नणंद येऊन उभी राहिली. कडेवर सुनेची लेक, हातात बँकेचा कागद.

"आबा, प्रवेशाची मुदत आज संपते. कर्जाला पगारदार माणसाची सही लागते. घरात पगार एकट्या वहिनींना."

खोटं नव्हतं. सुनेच्या नवऱ्याचा टेंपो चार दिवस चालायचा, आठ दिवस दारात उभा राहायचा. त्याला बँक पगार म्हणत नव्हती. आणि नणंदेला हवी होती बिझनेस इकॉनॉमिक्सची पदवी. वहिनीनं केली तीच, वहिनीसारखीच शहरात राहून, वहिनीसारखंच कर्ज काढून.

आबांनी हात झटकले. "सूनबाई, तू त्या वाटेनं जाऊन आलीस. तू सांगशील तसं. घालू का पोरीला?"

हो म्हणावं तर पोरीला आपल्याच हातानं विहिरीत ढकलायचं. नाही म्हणावं तर...

"नको, आबा."

"वाटलंच होतं!" नणंद उसळली. "मी गेले की पोर कोण सांभाळणार, ही काळजी ना?"

घाव वर्मी बसला. लेक जन्मल्यापासून आत्याच्या कडेवर वाढली, म्हणून तर आईला दुकान गाठता येत होतं. त्या टोमण्यात खरं किती, हे तिचं तिलाही नीट सांगता येईना.

"तसं नाही गं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा."

"ठेच लागायला आधी दाराबाहेर पाऊल तर पडू द्या, वहिनी!"

सून आबांकडे वळली. "आबा, कोंबडीचं तुम्ही काय बघता? किती खाल्लं आणि किती भरलं. माझंही तसंच बघा. तीन वर्षं पदवीनं खाल्लं. फी, खोलीचं भाडं, खानावळ. शहरात नोकरीसाठी उंबरे झिजवले, शेवटी आले इथंच. भरलं काय? महिना तेरा हजार. त्यातले सहा कर्जाच्या हप्त्याला. हातात सात. माझ्या शेजारी शाळा अर्धवट सोडलेला गडी बसतो, त्याला दहा. हप्ता नाही. म्हणजे पदवीपायी मिळतात तीन जास्त आणि जातात सहा. वर मी शिकत होते तेव्हा तो कमावत होता, ते वेगळंच. कोंबडी असते तर मला केव्हाच निवडून बाजूला काढलं असतंत तुम्ही."

आबा बादलीवर हात ठेवून तिच्याकडे बघतच राहिले. नणंदेची मान खाली गेली. पटलं, असं सुनेला वाटलं. पटल्याचं वाईटही वाटलं.

तेवढ्यात आबांनी मांडीवर थाप मारली.

"वा गं वा! उभा जन्म कोंबड्यांत गेला, पण असा हिशेब कधी कुणी मांडला नाही. कंपनीचा साहेब येतो, तोंडावर चार आकडे फेकतो, आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना हलवतो. असं बोलणारी आणखी एक घरात झाली, तर बिशाद आहे त्याची?"

"आबा, मी नको म्हणतेय!"

"ते कळलं गं. पण कसं म्हणालीस!" आबांचे डोळे पाण्यानं भरले होते. "शिकली नसतीस तर असं म्हणता आलं असतं का?"

सुनेनं तोंड उघडलं. पुन्हा बोलावं तर तेही नीटनेटकंच बोललं जाणार, आणि आबा पुन्हा मांडीवर थाप मारणार. नणंद डोळे पुसत हसत होती. तिनं कागद पुढं केला, खाद्याच्या पोत्यावर पसरला.

सुनेनं सही केली. अक्षर सुरेख होतं तिचं.

"बघू, आमची छोटी साहेबीण किती भरते!" आबांनी खुशीत नातीला उचललं आणि रिकाम्या बादलीत बसवून काट्याला अडकवलं. पोर खिदळली. "हीसुद्धा शिकणार, आईसारखी!"

बादली हेलकावत होती, सुई थरथरत होती. ती एका जागी थांबायच्या आत आईनं लेकीला बाहेर उचलून घेतलं.