सवडीने कळवावे

ओळख ना पाळख, अशा माणसाला आपणहून मेल करायचा आणि विचारायचं, तुमच्या खुर्च्या फाटल्यात का हो? बापूला हे मुळातच पटत नव्हतं. लोकांच्या घरात डोकावण्यासारखंच झालं की ते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. बापूला होती, आणि तीच नडत होती.

बापू आणि त्याची थोरली बहीण, दोघं वडिलांचा कारखाना चालवत. कारखाना म्हणायचं आपलं. भाड्याची एक लांबट खोली, शिलाईचं अवजड मशीन, फोमचे ढिगारे आणि कापायचं टेबल. खुर्च्या-सोफ्यांच्या दबलेल्या बैठकी नव्याने भरायच्या आणि वर कापड चढवायचं, हे काम. ताई कापायची, बापू शिवायचा. मोठं गिऱ्हाईक एकच, एक नाट्यगृह. त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि इकडचं काम आटलं.

मेलची कल्पना मेहुण्याची. बायकोचा हा भाऊ तयार फर्निचरच्या मोठ्या दुकानाचा मालक होता. "भाऊजी, हातावर हात ठेवून बसलात तर कोण येणार? मेल टाकत राहा. शंभर दगड मारले की एखादं फळ पडतंच." वर असंही म्हणाला, की महिनाअखेरपर्यंत नाहीच जमलं तर खोली सोडा आणि माझं गोदाम सांभाळा. ताईबद्दल तो काही बोलला नाही. साठीच्या बाईला, जिला कापण्याखेरीज दुसरं काही येत नाही, कोण ठेवून घेणार? बापूचा जीव तिथेच अडकला होता.

मग रोज दुपारी बापू लॅपटॉपपुढे बसू लागला. दवाखाने, वाचनालयं, वकिलांची ऑफिसं. पत्ते हुडकायचे आणि एका बोटाने टाइप करायचं. उत्तर कुणाचंच नाही. 'नको' एवढंसुद्धा नाही. नकार आला असता तर निदान कुणी वाचलं एवढं तरी कळलं असतं. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी मान अशी आखडायची, की त्यापेक्षा दिवसभर शिवलेलं परवडलं.

"काय लिहितोस रे एवढं?" एक दिवस ताईने कापता कापता विचारलं. "वाच बघू."

बापूने घसा साफ केला. "सप्रेम नमस्कार. आपला वेळ घेतो आहे, क्षमा असावी. आम्ही खुर्च्यांच्या बैठकी नव्याने करून देतो. कधी गरज वाटलीच, तर सवडीने कळवावे. उत्तराची घाई नाही."

कात्री थांबली.

"शेवटचं पुन्हा वाच."

"उत्तराची घाई नाही."

"कुणाला नाही घाई?"

बापूने लॅपटॉप अर्धा मिटला.

"खोली चाललीय हातची. पुढच्या महिन्यात मी काय कापणार ठाऊक नाही. आणि हा बाबा जगाला सांगत सुटलाय, घाई नाही म्हणून."

"अगं, परक्या माणसाला लवकर सांगा म्हणू? बरं दिसतं का ते?"

"भीड भिकेची बहीण असते, बापू. आणि मी तुझी. दोघींतली कोण हवी ते ठरव."

तिचं चिडणं चाललं असतं. पण ती नंतर स्टुलावर टेकली आणि जवळजवळ रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली, ते बापूला बघवेना.

त्या दिवसापासून त्याने मेल बदलला. 'गुरुवारी येऊन खुर्च्या बघून जातो, चालेल?' एवढंच लिहायचं. दोन नकार आले, आणि त्या नकारांचाही बिचाऱ्याला आनंद झाला. पण महिना काही कुणासाठी थांबत नाही. खोली सोडली. जुनं मशीन फुकट न्यायलाही कुणी तयार होईना, म्हणून ते ताईच्या स्वयंपाकघरात गेलं आणि त्याच्यावर भांडी चढली. बापू गोदामात नव्या खुर्च्यांची खोकी मोजू लागला. फोनवर ताई "बरी आहे" म्हणायची. बरी नव्हती, हे त्याला कळायचं.

अशाच एका दुपारी खोक्यावर बसलेला असताना फोन वाजला. एका वाचनालयाचा मेल होता. 'आपला मेल आला तेव्हाच आवडला होता. बाकीचे नुसते मागे लागतात, इतक्या सभ्यपणे कुणी विचारत नाही. सवडीने कळवा म्हणालात, म्हणून जपून ठेवला. वाचनखोलीतल्या सगळ्या खुर्च्यांच्या बैठकी करायच्या आहेत. आम्हालाही घाई नाही.'

हसावं की रडावं, बापूला कळेना. तेवढ्यात मेहुण्याने खांद्यावरून वाचलं.

"लागला की दगड! कळवा त्यांना, जुन्या टाकून द्या, नव्या आम्ही पाठवतो."

मेहुण्याला बापूने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. नोकरी त्याची, उपकार त्याचे.

"नाही," बापू म्हणाला. "त्यांनी मला विचारलंय."

मेहुणा "बघा बुवा" म्हणाला आणि गेला. बापूने उत्तर लिहायला घेतलं. 'सवडीने येऊन बघतो.' मग ते पुसलं. 'उद्या सकाळी येतो.' पाठवून टाकलं, आणि ताईला फोन करून सगळं वाचून दाखवलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असणार. विचारलं असतं तर कबूल केलं नसतं तिने.

"मशीनवर सगळी भांडी आहेत रे," ती शेवटी म्हणाली. "मला एकटीला नाही उतरवता येणार."

"येतो ना मी."

"कधी?"

"बघतो, रविवारी वगैरे..."

"आज ये," ताई म्हणाली. "सवडीने नको."