दर शुक्रवारी मावशीला दाखवायचं

काम कोणत्या पद्धतीनं करायचं, हे ठरवण्यातच भाचेबुवांचं डोकं पिकलं. वेबसाइट बनवायला नुकताच शिकलेला, पहिलंच काम, आणि तेही सख्ख्या मावशीच्या पाळणाघराचं. वडिलांनी बजावलं होतं, एवढं एक काम धड करून दाखव, नाहीतर गुपचूप माझ्या शेजारी दुकानात बस. खिळे-स्क्रूंच्या त्या दुकानाचं नाव काढलं तरी हा घराबाहेर सटकायचा.

इंटरनेटवर तर नुसता सावळागोंधळ. एक जण म्हणे, आधी सगळं कागदावर पक्कं करा, मगच हात घाला. दुसरा म्हणे, छे, थोडं करा, गिऱ्हाइकाला दाखवा, ते नावं ठेवील तसं सुधारा, पुन्हा दाखवा. ह्याला दुसरी पद्धत पटली. आपल्याला अजून फारसं येत नाही, चुकलं तर मावशी लगेच सांगेल, असा साधा हिशेब. हिशेब बरोबरच होता हो. फक्त गिऱ्हाईक मावशी असली तर काय करायचं, ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

मग दर शुक्रवारी, मुलं घरी गेली की हा लॅपटॉप घेऊन हजर. चटया गुंडाळता गुंडाळता मावशी बघायची. रंग दाखवले, छान. प्रवेशाचं पान दाखवलं, तेही छान. काही खटकतंय का, असं खोदून खोदून विचारलं, तर म्हणे तू केलंयस म्हणजे चांगलंच असणार, आता जेवूनच जा. हा खूश होऊन घरी जायचा आणि त्याच पानावर पुढचं काम चढवायचा.

वेबसाइट सुरू झाली. एकाही आईनं नाव नोंदवलं नाही. काय बिघडलंय ते विचारायला तो पाळणाघरात गेला, तेव्हा मावशी दाराकडे पाठ करून फोनवर बोलत होती.

"त्या वेबसाइटच्या नादी लागू नका हो. आधी पासवर्ड मागते, मग कोड मागते, मलाही जमत नाही. सरळ बाळाला घेऊन या."

तो दारातच थांबला. मावशी वळली आणि त्याला बघून तिचा चेहरा पडला.

"मला का नाही सांगितलंस गं? मी बदललं असतं."

"तुझे बाबा काय म्हणालेत ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "मी नावं ठेवायची, आणि तू जाऊन दुकानात बसायचं?"

आता तिच्यावर रागवायचं तरी कसं? त्यानं तिथल्या बुटक्या बाकावर बसून तेच पान उघडलं, तिच्यापुढे धरलं आणि आता तरी खरं सांग म्हणून अक्षरशः हात जोडले. मावशीनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"आता बरंय की रे," ती म्हणाली.

त्यानं अजून एक अक्षरही बदललेलं नव्हतं.