कडेचे फोटो

तो फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ठकी माझ्या मांडीवर अर्धवट झोपेत होती, माझ्या कानाला कामाचा हेडफोन होता, आणि एक आजोबा विचारत होते की चाळीसचं कनेक्शन घेतलंय तर सिनेमा उतरवताना पाचच का दिसतात, बाकीचे पस्तीस कोण खातं.

"कोणी खात नाही, आजोबा. आम्ही बिट मोजतो, तुमचा कॉम्प्युटर बाइट मोजतो. आठ बिटांचा एक बाइट. चाळीसला आठाने भागा."

"म्हणजे माप मोठं दाखवून विकता."

"माप छोटं आहे, आजोबा. म्हणून आकडा मोठा दिसतो."

"हुशार आहात," ते म्हणाले आणि फोन ठेवला. ते काही कौतुक नव्हतं.

घरगुती इंटरनेटच्या मदतकेंद्रात मी घरूनच काम करते. दिवसाला साठ फोन, आणि प्रश्न फिरून फिरून तेच सहा-सात. पुढचा फोन घेणार तोच शेजारी ठेवलेला माझा मोबाइल थरथरला. दुसऱ्या शहरातल्या सर्जनची सहायिका बोलत होती.

"तुमच्या मुलीच्या स्कॅनची डिस्क काल मिळाली. पण उघडत नाहीये. दोन मशीनवर लावून पाहिली. सुरुवातीचे फोटो येतात, पुढे अडकते."

"दुसरी पाठवली तर?"

"आज बाराला सर पुढच्या आठवड्याच्या ऑपरेशनांची यादी ठरवतात, आणि त्यानंतर महिनाभर ते इथे नाहीत. मी एक लिंक पाठवते, त्यावर फोटो चढवा. पण बाराच्या आत हं, ताई."

ठकी चौदा महिन्यांची आहे. तिच्या यकृतावर गाठ आहे. औषधाच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. गाठ पुरेशी आकसली असेल तर हे सर ती काढणार होते. एवढ्या लहान पोरांचं हे ऑपरेशन करणारं आम्हाला दुसरं कोणी सापडलं नव्हतं. आकसली की नाही, ते फोटोंवरूनच कळणार होतं. लेखी रिपोर्ट अजून हातात आला नव्हता.

ठकीचा बाबा तोंडाला फेस लावून न्हाणीघरातून बाहेर आला. त्याची दुपारची पाळी होती.

"कोणाचा फोन?"

मी सांगितलं. तो तसाच पलंगाच्या कडेवर बसला.

तो इस्पितळाच्या स्कॅन विभागात आहे. पेशंटचे फोटो डिस्कवर उतरवून द्यायचे, हे त्याचं काम. डिस्का 'बर्न' करतो, म्हणजे भाजतो, म्हणून तिथे त्याला भट्टीवाला म्हणतात, आणि त्यालाही ते आवडतं. त्याची एक रीत आहे. डिस्क कधीही जास्त वेगाने लिहायची नाही. मशीन सोळापट वेगापर्यंत जात असलं तरी तो चारवर ठेवतो. लिहून झाली की बाहेर काढायची, दुसऱ्या मशीनमध्ये घालायची आणि शेवटचा फोटो उघडायचा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, शेवटचे फोटो कडेला येतात, आणि बिघडते ती आधी कडच. शेवटचा उघडला की डिस्क पास. लोक खिडकीशी घाई करतात, शिव्यासुद्धा देतात, पण हा हलत नाही.

"किती वेगाने लिहिलीस?" मी विचारलं.

"सोळा."

"तू? सोळावर?"

त्याने मान डोलावली.

"आणि शेवटचा फोटो?"

"नाही उघडला."

"अरे, परक्या माणसांचे रोज पन्नास उघडतोस!"

"परक्या माणसांचे असतात म्हणून उघडतो," तो म्हणाला. फेस वाळून त्याच्या गालावर पापुद्रे धरले होते.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंडात शब्द आलेही होते. पण ठकी जागी झाली आणि त्याच्याकडे बघून तिने दोन्ही हात वर केले.

तो नेहमी दोन डिस्का करतो. दुसरी घरी कपाटात होती. तीही त्याच घाईत, त्याच वेगाने लिहिलेली, पण ती वाचली गेली. असं होतं म्हणे. एक जाते, एक राहते. बाहेरून जोडायच्या ड्राइव्हमधून ती कण्हत कण्हत कॉम्प्युटरवर उतरत होती, तेवढ्यात मी टीम लीडरला फोन लावला.

"ताई, मी लॉगआउट करतेय. बाळाचं काम आहे."

"रांगेत चौदा जण आहेत गं. आणि मागच्या आठवड्यातही बाळाचंच होतं."

"हो. अजून तेच बाळ आहे."

ती म्हणाली, "जा. मी बघते."

पावणेदहाला सगळं उतरलं. दोन हजार आठशे मेगाबाइट. आमचं कनेक्शन कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेलं. खाली येताना चाळीस, वर जाताना फक्त दोन. मला कागद लागला नाही, हेच गणित तर मी दिवसभर करते. गुणिले आठ, भागिले दोन. अकरा हजार दोनशे सेकंद. तीन तास सात मिनिटं.

"पाऊण वाजून जाईल," मी म्हणाले.

"सायबर कॅफेतून?"

"तिथेही आमचंच कनेक्शन आहे, दोनचंच. इस्पितळातून?"

"तिथल्या मशीनला बाहेरचं नेटच नाही. आणि मोबाइलचं नेट आपल्या घरात याहून रडकं."

रोज कितीतरी लोक मला विचारतात, वर जायचा वेग कशाला लागतो, आम्ही तर फक्त बघतो. आणि मीही सांगत आले, नाही लागत हो घरात फारसा.

मग मला सुचलं. सहायिकेला पुन्हा फोन लावला. सगळेच फोटो हवेत का?

"नाही, नाही. स्कॅनच्या वेळी शिरेतून रंगाचं औषध दिल्यानंतरचे हवेत. यकृताचे. शेवटचे."

"एवढेच पाठवू?"

"एवढेच पुरतील."

म्हणजे सगळ्यातला तिसरा हिस्सा, नऊशे मेगाबाइटच्या आसपास. एक तास. मी नवऱ्याकडे वळले. त्याने ते ऐकलं होतं.

"फायलींना नावं नसतात गं," तो म्हणाला. "नुसते आकडे असतात. कोणते औषधानंतरचे, ते उघडल्याशिवाय कळत नाही."

"मी उघडते. तू सांग."

"तुला ओळखता येणार नाहीत."

त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली. मी ठकीला कडेवर घेऊन उभी राहिले. पडद्याकडे मला बघवेना, म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. तो माउसचं चाक फिरवत होता. एक, दुसरा, पुढचा. एका ठिकाणी चाक थांबलं. थोडं मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मग त्याने त्या फायली निवडल्या आणि म्हणाला, "या चढव."

आवाज अगदी खिडकीशी बसून बोलतो तसा होता.

सव्वादहाला चढवायला लावलं. स्क्रीनवर आलं, दोन तास शिल्लक. मग मी लोकांना जे विचारते तेच स्वतःला विचारायला लागले. वायफायवर आहात की वायरवर? वायरवर. राउटर बंद-चालू केला होता? सकाळीच. घरात आणखी कोणतं यंत्र नेट वापरतंय?

माझा मोबाइल. सकाळी ठकीने चमच्याशी बराच वेळ भांडण केलं होतं, त्याला बोट दाखवून रागावली होती, आणि मी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो आपोआप नेटवर चढून साठवला जात होता. अर्धा रस्ता त्यानेच अडवला होता.

मी तो थांबवला. आकडा सरसर खाली आला.

मग नुसती वाट बघणं. ठकीला भरवलं. ती स्क्रीनवर सरकणाऱ्या निळ्या पट्टीला हात लावायला धडपडत होती, तिला आवरलं. तो शेजारी बसून होता. एकदा म्हणाला, "मी चारवर लिहायला हवी होती."

"आता पुरे," मी म्हणाले.

अकरा पंचविसाला सगळं पोहोचलं. सहायिकेने कळवलं, "आले. उघडतात. अगदी स्वच्छ आहेत." मी जमिनीवर बसूनच रडले आणि रडता रडता हसले. मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, "जमलं रे, भट्टीवाल्या!" तो हसला. ओठ हसले, एवढंच.

बारा वीसला तिचाच फोन आला.

"सरांनी सगळे फोटो नीट बघितले, ताई. यादीत नाही घेतलं. गाठ अजून मोठ्या नसेला धरून आहे, आत्ता हात लावता येणार नाही म्हणाले. औषधाच्या आणखी दोन फेऱ्या करा. मग पुन्हा स्कॅन. तोवर सरही परत येतील."

"आणि तेव्हाही धरूनच असेल तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, ताई," ती म्हणाली. ती चांगली बाई होती. फोन ठेवायला तिने उशीर केला.

मी वळले. त्याने काही विचारलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"सव्वादहाला?"

"हो."

"मग 'चढव' का म्हणालास? मला दोन तास असं..."

"अगं, मी डिस्का लिहिणारा माणूस आहे. डॉक्टर नाही. माझं चुकलं असतं तर?" त्याने नाक ओढलं. "चुकावं, असंच म्हणत होतो."

मी विचारलं, "किती मोठी आहे गाठ?"

त्याने उजवा हात वर केला आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यात जागा ठेवून दाखवली. मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त. मी ठकीच्या पोटाकडे बघितलं. झबल्याखाली ते नेहमीसारखंच वर-खाली होत होतं.

ठकीला वाटलं, बाबा खेळतोय. ती त्याच्या मांडीला धरून उभी राहिली आणि त्या दोन बोटांच्या मधे तिने आपला अख्खा हात घातला, मुठीसकट. आणि आमच्याकडे बघून हसली.

त्याने बोटं मिटली नाहीत. ती हात काढते आणि पुन्हा घालते, काढते आणि पुन्हा घालते, आणि तो तसाच हात वर धरून बसला होता.