भिकुबाईचा आवाज

"अरे भो, बुक्का मारला दुपारी आन् माणूस खाली पडला संध्याकाळी! याला स्टाईल म्हणता का तुम्ही?" रस्स्यात भाकरी कुस्करायची सोडून भूषण हवेत हात फिरवत होता.

"तुला सिनेमातलं काही कळत नाही. स्लो मोशन आहे ते," स्वप्नील म्हणाला. "पहिल्या भागाला अभिमनसरांकडे होतं काय? एक कॅमेरा, पत्र्याचा रोबोट आन् चार बैलगाड्या. आता बघ, सातपुड्यावरून विमानं लढवली माणसानं!"

"विमानं आली, पण माणसं गेली ना त्यातली!"

"हळू! ताट उपडं होईल," मी ओरडले. जळगावात, पिंप्राळ्यात माझी खानावळ आहे. गिऱ्हाईक भांडलं तरी मला चालतं, पण अन्न सांडलेलं चालत नाही. स्वप्नील मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, भूषण कुरियरवाल्याकडे. दोघंही 'पाव्हना'चे वेडे. शुक्रवारी 'पाव्हना दोन' लागला आणि पहिलाच खेळ बघून दोघं थेट माझ्याकडे भांडायला आले होते.

'पाव्हना' माहीत नाही असा माणूस खान्देशात सापडायचा नाही. आभाळातून एक लोखंडी माणूस कपाशीच्या शेतात पडतो. एक म्हातारी त्याला घरी नेते, जेवायला वाढते. मग त्याला पकडायला फौज येते आणि अख्खं गाव फवारणीचे पंप पाठीला लावून लढतं. शिरपूरकडच्या आमच्या गावातच झालं होतं त्याचं शूटिंग. आणि ती म्हातारी म्हणजे माझी सासू, भिकुबाई.

दिग्दर्शक अभिमनची तेव्हाची रीतच वेगळी. संवादाचा कागद म्हणून द्यायचा नाही. "आजी, तुमच्या घरी पाहुणा जेवायला बसलाय आणि दारात बंदूकवाले आलेत. काय कराल?" एवढंच विचारलं आणि कॅमेरा चालू केला. सासूबाई दारात आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "पाव्हना जेवाले बठेल शे. त्याले उठाडानं नही."

बस्स! तेवढ्या एका वाक्यावर सिनेमा चालला. लग्नाच्या पंगतीत पोरं ते म्हणायची, रिक्षांच्या मागे ते रंगवलेलं असायचं. माझ्या नवऱ्याच्या, रुपचंदच्या रिक्षावर अजून आहे.

आता हा आवाज कसला, तेही सांगते. लहानपणापासून ज्वारीवरची पाखरं हाकलून हाकलून घसा फुटलेला. कानात कुजबुजल्या तरी गल्लीला ऐकू जाईल. सासरी आल्या तर सासरा म्हणे, हळू बोल. नवरा म्हणे, हळू बोल. कापूस वेचताना मुकादम म्हणे, हळू बोल. रुपचंदनं जळगावला आणलं तर इथल्या शेजारणीही नाक मुरडून म्हणायच्या, "आजी, जरा हळू बोला ना." साठ वर्षं बाईनं तेच ऐकलं. आणि सिनेमा लागल्यावर त्याच शेजारणी मोबाईल पुढे धरून म्हणायला लागल्या, "आजी, ते वाक्य म्हणा ना एकदा, जोरात!" तेव्हापासून बाईची मान जी ताठ झाली, ती तशीच राहिली. मला तर भारी आवडायचं ते.

तर त्या दिवशी सासूबाई आतून भाकरीचं टोपलं घेऊन आल्या. "काय रे पोरेहो, मना सीन कसा शे?"

स्वप्नील ताटात बघायला लागला, भूषण पाण्याचा गिलास शोधायला लागला. गिलास त्याच्या समोरच होता.

"बठ्ठा काबर गप बठनात?" सासूबाईंनी विचारलं.

"भारी आहे आजी," स्वप्नील म्हणाला. त्या खुश होऊन आत गेल्या. मी मात्र भूषणची वाटी उचलून घेतली. "खरं सांग, नाहीतर रस्सा मिळणार नाही."

त्यानं सांगितलं. सीन तोच होता. सासूबाई होत्या, दार होतं, बंदूकवाले होते. आवाज मात्र त्यांचा नव्हता. कुण्या दुसऱ्या बाईचा गुळगुळीत आवाज वर चिकटवला होता.

"पुण्या-मुंबईत अहिराणी कळत नाही ना दिपाताई," स्वप्नील म्हणाला. "मोठ्या पडद्याचं गणित वेगळं असतं. दिग्दर्शकाला कधी कधी..."

"दिग्दर्शक गेला खड्ड्यात!" मी म्हणाले. माझी जीभ आवरत नाही, सगळ्या पिंप्राळ्याला माहीत आहे.

रविवारी दुपारच्या खेळाला अभिमन स्वतः जळगावात येणार होता, सासूबाईंचा सत्कार करणार होता आणि नंतर आमच्याकडे जेवायला येणार होता. शूटिंगच्या वेळी तो रोज त्यांच्याच हातचं जेवायचा. त्यांनी तर गावाकडे निरोप धाडून जीपभर माणसं बोलावली होती. एवढ्या माणसांसमोर त्यांना गाफील कसं बसू द्यायचं? मी त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "आई, जाऊच नका."

सासूबाई भरितासाठी वांगी निवडत होत्या. हात थांबला नाही. "आधी ऐकसू," त्या म्हणाल्या, "मंग बोलसू."

रविवारी थिएटर खच्चून भरलं. विमानं आली, डोंगर फुटले, शिट्ट्या झाल्या. मग ते दार आलं. पडद्यावर माझी सासू, केवढी मोठी! गालावरचं गोंदण लख्ख दिसत होतं. तिनं तोंड उघडलं आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज आला, "पाहुणे जेवत आहेत. त्यांना उठवू नका."

मागून गावाकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हाई कोन बोली ऱ्हायनी व माय?" लोक हसले. कोणाला हसले ते कळलं नाही, पण माझ्या अंगाची आग झाली. सासूबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. आपल्याच तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या.

सिनेमा संपला. अभिमन पडद्यासमोर आला, वाकून त्यांच्या पाया पडला. शाल पांघरली, नारळ दिला. माणूस वाईट नाही तो, तसं मी म्हणणार नाही. मग त्यानं माईक पुढे केला. "आजी, दोन शब्द बोला."

सासूबाईंनी माईक घेतला. शाल काढली, तिची नीट घडी केली, वर नारळ ठेवला आणि दोन्ही त्याच्या हातात परत दिलं.

"माले कसाले बोलाले सांगस, भाऊ?" त्या म्हणाल्या. "जी बोलनी तिलेच दे शाल."

माईक दिला आणि पायऱ्या उतरल्या. कुणीतरी शिट्टी मारली. स्वप्नीलची मान खाली होती.

आता कसला येतो हा जेवायला, असं मी म्हणत होते. पण चारच्या सुमारास आला. एकटाच, रिक्षानं, हातात ती शाल घेऊन. सासूबाईंनी पाट मांडला, ताट वाढलं. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, सगळं. एक शब्द बोलल्या नाहीत. सबंध खानावळीत त्यांचा आवाज नाही असं कधी झालं नव्हतं. मला ते सहन होईना.

भूषण आणि स्वप्नील मागोमाग आलेच होते. भूषणनं सुरुवात केली. "सर, पहिल्या भागात तुम्ही माणसाला त्याचं त्याचं बोलू द्यायचे. तीच तुमची स्टाईल होती. ती का सोडली?"

"बजेट मोठं झालं की सगळं आपल्या हातात राहत नाही रे," अभिमन म्हणाला. "निर्माते म्हणाले, म्हातारीचा आवाज कानाला टोचतो. मी भांडलो. पण थोडंच भांडलो."

"थोडंच?" हे स्वप्नील बोलला. दोन दिवस या माणसाची बाजू घेऊन भांडणारा स्वप्नील! "सर, त्या वाक्यावर तुमचं नाव झालं. अन् आम्ही तुमच्यासाठी लोकांशी मारामाऱ्या करतो!"

कानाला टोचतो, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. साठ वर्षं 'हळू बोल' ऐकलेल्या बाईच्या घरात बसून, तिच्याच हातची भाकरी मोडत हा सांगतो, कानाला टोचतो! मी पुढे झाले आणि त्याचं ताट धरलं. "उठा. बस्स झालं. उठा आधी इथून!"

"दिपमाला!"

भिंती हादरल्या. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

सासूबाई माझ्या आणि ताटाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"पाव्हना जेवाले बठेल शे," त्या म्हणाल्या. "त्याले उठाडानं नही."

मी ताट सोडलं. अभिमनचा घास हातातच राहिला. भूषणनं तोंडावर हात ठेवला.

सासूबाईंनी टोपल्यातली गरम भाकरी काढून त्याच्या ताटात वाढली, वर तेलाची धार सोडली. मग दारापाशी गेल्या आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या. आता कुणाला बाहेर जायचं तर त्यांना ओलांडूनच जावं लागलं असतं.

"जेव भाऊ, पोटभर जेव," त्या म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मंग माले सांग, मना आवाजले काय व्हयेल व्हतं?"